माझं सेशन बायकांनीच घेतलं

गुरुवार, रात्री साडेदहा

नवतपा सुरू आहे, लाइट दोनदा गेली, कुलर नुसता गरम हवा फेकून राहिला. झोप येत नाही म्हणून लिहायला बसले.

आज व्यसनमुक्ती केंद्रात बायकांच्या गटाला एचआयव्हीबद्दल सांगायचं होतं. फ्लिपचार्ट उघडला, पहिलंच पान "जोडीदाराशी एकनिष्ठ राहा", तर मागची एक फस्सकन हसली. "ताई, मी आहोच ना एकनिष्ठ, हे पान माह्या नवऱ्याले दाखवा." सगळ्या हसल्या, मीही हसले, आणि पान उलटून टाकलं, काय बोलणार.

मग एकजण म्हणे आम्ही सुई वेगळी वेगळी घेतो, आम्हाले काय भेव. मी सहज विचारलं, माल कालवता कशात? तर एकाच झाकणात, पाणी तेच, गाळायचा कापूस तोच. वापरलेली सुई परत त्यात बुडाली की झालं ना, रक्ताचा अंश तिथेच, आणि एचआयव्हीच नाही, हेपॅटायटिस सी पण तसाच पसरतो. त्यात हिचा नंबर कायम नवऱ्यानंतर, कारण माल तो आणतो आणि टोचूनही तोच देतो, हिला शीर सापडत नाही. इतक्या वर्षांत माझ्या चार्टवर झाकण आणि कापूस कधी आलाच नाही, सुईवर लाल फुली मारली की आमचं काम संपलं. तो चार्ट बनवणाऱ्याने अशी बाई पाहिलीच नसावी बहुतेक.

दारूवाल्या गप्प बसल्या होत्या, त्यांना वाटतं हे इंजेक्शनवाल्यांचं आहे. शेवटी एकीने हळूच विचारलं, पिऊन शुद्ध नसताना कोणी काही केलं तर? मी ७२ तासांचं सांगितलं, तेवढ्यात सरकारी दवाखाना गाठला तर एचआयव्हीची लागण टाळायच्या २८ दिवसांच्या गोळ्या मिळतात, जितक्या लवकर तितकं बरं. ती बोटांवर काहीतरी मोजत बसली. कधीचं, ते मी विचारलं नाही, आता वाटतं बाजूला घेऊन विचारायला पाहिजे होतं.

टेस्टची भीती रोगापेक्षा सासूचीच जास्त. २०१७ च्या कायद्याने संमतीशिवाय टेस्ट करता येत नाही, रिझल्टही गुप्त ठेवावा लागतो, एआरटीच्या, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवायच्या गोळ्या फुकट, हे सगळं सांगितलं. तर पोटुशी आहे ती म्हणे, "कायदा माह्या घरी येऊन राहीन का?" तिला एवढंच म्हटलं की वेळेवर औषध घेतलं तर बाळाला लागण व्हायचा धोका ५ टक्क्यांच्याही खाली येतो. मग तिने पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, सोमवारी गर्दी कमी असते का.

नसते म्हणा, पण मी हो म्हटलं. दहाला मेडिकल चौकात भेटायचं ठरलंय, बाटलीत पाणी भरून न्यायचं लक्षात ठेवायला पाहिजे.