पहिले साठ फूट

विकणाऱ्याने ३५० म्हणून सांगितलेलं इंजिन ३०७ निघालं, तिथून माझी दोन वर्षं सुरू झाली.

गाडी १९७२ची शेव्हरोले नोव्हा, दोन दारांची. मिशिगनमधल्या एका शेतावरच्या शेडात बरीच वर्षं पडून होती. इंजिनाचे हे आकडे त्याच्या आकारमानाचे, घन इंचांत. ३५० म्हणजे साधारण ५.७ लिटर, ३०७ म्हणजे ५. त्या वर्षी नोव्हात दोन्ही इंजिनं मिळायची आणि बाहेरून बघितलं तर जुळी भावंडं. फरक सगळा आत. ३०७चा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ३.८७५ इंच, ३५०चा पूर्ण ४, आणि स्ट्रोकही, म्हणजे पिस्टनची धाव, जास्त. मी बॉनेट उघडलं, एअर क्लीनरवरचं ३५०चं स्टिकर बघितलं आणि पैसे मोजले. खरा कास्टिंग नंबर ब्लॉकच्या मागच्या अंगाला, गिअरबॉक्स जोडतात त्या कडेवर असतो. तो मी गाडी घरी आणून, तारेच्या ब्रशने पन्नास वर्षांचा चिकटा खरवडल्यावर वाचला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात वाढलेल्या माणसाने असं फसावं! आबांना, म्हणजे वडिलांना, फोनवर सांगितलं तर म्हणाले, "आरं, बैल घेताना दात बघत्यात. शिंगाचा रंग बघून कोण बैल घेतंय व्हय?"

आबांचं उद्यमनगरात ऑइल इंजिनं रिबोअर करायचं छोटं वर्कशॉप होतं. मी मात्र ऑटोमोबाइल इंजिनिअर होऊन डेट्रॉइटजवळ आलो आणि आठ वर्षं ब्रेकच्या सॉफ्टवेअरसमोर बसून काढली. हाताला ऑइल लागलं ते फक्त भजी तळताना. मग एका उन्हाळ्यात मित्राने ओहायोतल्या नॉरवॉकला ड्रॅग रेसिंग, म्हणजे सरळ छोट्या पट्टीवरची दोन-दोन गाड्यांची शर्यत, बघायला नेलं. तिथे एक डॉलरला पौंडभर आइस्क्रीम मिळतं, त्या आमिषाने मी गेलो होतो. दोन टॉप फ्युएल, म्हणजे या खेळातल्या सगळ्यात वेगवान वर्गातल्या, गाड्या सुटल्या तेव्हा ते आइस्क्रीम हातातच राहिलं. तो आवाज कानाने ऐकायचा नसतोच, बरगड्यांना कळतो. नाइट्रोमिथेनवर चालणाऱ्या त्या गाड्या १००० फुटांत ताशी ३३० मैलांच्या आसपास जातात. पूर्वी त्याही पाव मैल धावायच्या. २००८मध्ये एका ड्रायव्हरचा जीव गेल्यावर त्यांच्यासाठी अंतर कमी केलं. बाकीच्या बहुतेकांसाठी पाव मैलच आहे, १३२० फूट.

टॉप फ्युएल हा राजेरजवाड्यांचा खेळ. पण तिथेच कळलं की साध्या नंबरप्लेटची गाडी घेऊनही कुणालाही स्ट्रिपवर धावता येतं. शिवाय डेट्रॉइटला राहून मसल कार न घेणं म्हणजे पंढरपुरात राहून वारी न बघणं. मसल कार म्हणजे मधल्या आकाराच्या गाडीत दांडगं इंजिन. पाँटिअॅकने १९६४मध्ये मधल्या आकाराच्या टेंपेस्टमध्ये मोठ्या गाडीचं ३८९ घन इंचांचं इंजिन बसवलं. कंपनीच्या वरिष्ठांनी तेवढ्या आकाराच्या गाडीला ३३०ची मर्यादा घातली होती, म्हणून जीटीओ नावाची ही गाडी वेगळं मॉडेल न म्हणता टेंपेस्टचा ऑप्शन म्हणून विकली. ही पळवाट मला फार आवडते, एकदम आपल्याकडची वाटते. आमच्या घरापासून जवळच्या वुडवर्ड अॅव्हेन्यूवर त्या काळी रात्री सिग्नलला शर्यती लागायच्या. आता दर ऑगस्टला तिथे हजारो जुन्या गाड्या सावकाश फिरतात आणि लोक घडीच्या खुर्च्या टाकून बघत बसतात. माझी नोव्हा तशी गरीब घरची. पण हलकी, साधी, आणि सुटे भाग कुठेही मिळणारी.

भंगारवाल्याकडे खरा ३५०चा ब्लॉक शोधला, या वेळी आधी नंबर वाचून. मशीन शॉपमध्ये तो तीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वाढवून बोअर केला, म्हणजे आता ३५५ घन इंच. क्रँक ग्राइंड केला, नवे पिस्टन, नवी बेअरिंगं. हे सगळं शनिवार-रविवारी. गॅरेजमध्ये गणपतीचं मखर ठेवायची जागा क्रँकशाफ्टने घेतली तेव्हा बायकोने एवढंच विचारलं, "यंदा विसर्जन नक्की कशाचं करायचंय?"

इंजिन जोडणं मला अवघड गेलं नाही. चुकलो ते पहिल्यांदा चालू करताना. कॅमशाफ्ट म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, आणि टॅपेट म्हणजे त्याच्या उंचवट्यावर टेकून उचलला जाणारा ठोकळा. जुन्या पद्धतीच्या सपाट टॅपेटच्या कॅमशाफ्टला पहिली वीस मिनिटं फार जपावं लागतं. कॅमचे उंचवटे आणि टॅपेटची बुडं एकमेकांवर घासून जुळतात, आणि त्यांना तेल मिळतं ते मुख्यतः फिरत्या क्रँकच्या उडणाऱ्या शिंतोड्यांतून. म्हणून इंजिन लागलं की लगेच २००० ते २५०० आरपीएमवर वीस मिनिटं धरायचं, आयडलला येऊच द्यायचं नाही. तेलात जस्ताचं प्रमाण चांगलं हवं. आजच्या गाड्यांच्या तेलात ते कमी असतं. आणि मुख्य म्हणजे इंजिन पहिल्या फटक्यात लागलं पाहिजे, कारण नुसता स्टार्टर मारत बसलात तर कॅमवर चोपडलेली पेस्ट पुसून जाते.

माझं पहिल्या फटक्यात लागलं नाही. दहाव्यातही नाही. कार्ब्युरेटरमधून एकदा हातभर जाळ आला, भुवया थोडक्यात वाचल्या. गल्लीतले एक निवृत्त आजोबा, सगळी नोकरी असेंब्ली लाइनवर झालेले, कुत्रं फिरवताना थांबले. न विचारता म्हणाले, "डिस्ट्रिब्युटर उलटा बसलाय." खरंच तसंच होतं. डिस्ट्रिब्युटर प्लगांना ठिणगी वाटतो, आणि कुठल्या प्लगला ते त्यातला रोटर ठरवतो. एक नंबरचा पिस्टन वर आलेला बघून मी रोटर लावला होता, पण पिस्टन दोनदा वर येतो, एकदा कॉम्प्रेशनला आणि एकदा एक्झॉस्टला. मी नेमका एक्झॉस्टचा धरला. आबांच्या वर्कशॉपमधल्या पोरालाही हे ठाऊक असतं: प्लगच्या भोकावर बोट ठेवायचं, हवेने बोट उडालं की तो कॉम्प्रेशन.

रोटर फिरवला, इंजिन लागलं, गडगडलं. मी खूश. तेल कुठलं टाकलंय याचा विचारही केला नाही. दुकानात सवलतीत मिळालेलं, आजच्या गाड्यांचं.

महिनाभराने टिकटिक सुरू झाली. मी टॅपेट दोनदा सेट केले, तरी आवाज परत. शेवटी फोनवर रेकॉर्ड करून आबांना पाठवला. त्यांचं उत्तर रात्री तीनला आलं, तिकडे दुपार: "टॅपेट न्हाई त्यो. कॅम खाल्लाय." व्हॉल्व्ह कव्हर काढून इंजिन फिरवलं तर एक पुशरॉड, म्हणजे टॅपेटची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत नेणारा दांडा, बाकीच्यांच्या निम्माही वर येत नव्हता. कॅमचा उंचवटा झिजून गोल झाला होता, टॅपेटच्या बुडाला वाटीसारखा खड्डा. ऑइल फिल्टर कापून उघडला, तर घड्यांमध्ये चांदीसारखी चमक. ती चमक म्हणजे लोखंडाचा कीस, आणि फिल्टरमधून जो सुटला तो बेअरिंगांत गेला असणार. अख्खं इंजिन पुन्हा खोललं. तो हिवाळा तसाच गेला. दुसऱ्या वेळी जस्तवालं तेल घातलं, सुरू करण्याआधी ड्रिल मशीन लावून ऑइल पंप फिरवून घेतला, आणि आजोबांना मुद्दाम चहाला बोलावून डिस्ट्रिब्युटर दाखवला. पहिल्या फटक्यात लागलं. वीस मिनिटं मी अॅक्सिलरेटरपाशी आणि ते पाण्याचा पाइप घेऊन रेडिएटरपाशी. कुणी काही बोललं नाही.

जुलैत एका संध्याकाळी मिशिगनमधल्याच मिलान गावच्या ड्रॅग स्ट्रिपवर गेलो. स्पर्धा नसलेल्या दिवशी तिथे पैसे भरून हव्या तितक्या फेऱ्या मारता येतात. आधी टेक, म्हणजे गाडीची तपासणी. चेकिंग करणाऱ्या माणसाने गाडीआधी मला बघितलं. मी हाफ पँटवर होतो. "फुल पँट आहे का?" नव्हती. मग बॉनेट उघडलं. बॅटरी मी रबरी पट्ट्याने बांधली होती; ती त्याने एका बोटाने हलवून दाखवली. रेडिएटरचं उतू जाणारं पाणी त्या काळच्या गाड्यांत सरळ रस्त्यावर सांडतं, पण स्ट्रिपवर थेंब पडलेला चालत नाही. ते झेलायला डबा हवा. तोही नव्हता. न धावता परत. तेव्हा राग आला होता. पण ताशी शंभर मैलांवर मागच्या चाकाखाली कुणाचं तरी पाणी येणं काय असतं, हे कळल्यावर तो माणूस मला देवमाणूस वाटायला लागला.

पुढच्या आठवड्यात फुल पँट, बॅटरीला लोखंडी पट्टी, पाण्याला डबा. काचेवर पांढऱ्या शू पॉलिशने नंबर लिहिला गेला. रांगेत पुढे सरकलो. सुटायच्या जागेआधी एक ओली पट्टी असते, तिथे स्लिकवाल्या, म्हणजे खाचा नसलेल्या गुळगुळीत टायरच्या, गाड्या चाकं फिरवून, धूर काढून टायर तापवतात. सगळे जातात म्हणून मीही त्यातून गेलो. साध्या रस्त्याच्या टायरने तिथून जायचंच नसतं, कडेने वळसा घालायचा असतो! खाचांत पाणी भरलं, मडगार्डमधून ठिबकत सुटण्याच्या जागेवर पडलं, आणि मागच्या रांगेतून हॉर्न वाजले.

पुढे ख्रिसमस ट्री, म्हणजे सुटण्याचा इशारा देणाऱ्या दिव्यांचा खांब. वर छोटे दिवे: पहिला लागला की रेषेजवळ आलात, दुसरा लागला की रेषेवर. मग तीन पिवळे, अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने. मग हिरवा. मी कर्तव्यदक्ष नागरिकासारखा हिरव्याची वाट पाहिली. जाणकार तिसऱ्या पिवळ्यालाच पाय दाबतात, कारण माणसाला आणि गाडीला हलायलाही वेळ लागतो. पण सांगायची गोष्ट ही की घड्याळ हिरव्याला सुरू होत नाही. तुमचं पुढचं चाक रेषेवरच्या प्रकाशकिरणातून बाहेर पडलं की सुरू होतं. झोप काढून सुटलात तरी पाव मैलाची वेळ तीच. शर्यत मात्र हरलात.

पाय दाबला. इंजिन क्षणभर गुदमरलं, मग मागची चाकं जागेवर फिरली, गाडी कोल्हापुरी पैलवानासारखी बाजूला सरकली, आणि मग कुठे पळाली. परतीच्या वाटेवर खिडकीतून चिठ्ठी मिळाली: १४.९८ सेकंद, ताशी ९७.९ मैल. मी निराश. एवढं इंजिन, आणि १५ सेकंद? अजून मोठा कॅम, अजून मोठा कार्ब्युरेटर, असे बेत मनात सुरू झाले.

आजोबांनी चिठ्ठी हातात घेतली आणि शेवटचे आकडे बघितलेच नाहीत. त्यांचं बोट वरच्या एका ओळीवर: ६० फूट, २.५८ सेकंद. "तुझं इंजिन ठीक आहे," ते म्हणाले. "९८ मैलांचा वेग खोटं बोलत नाही. ताकद किती ते शेवटचा वेग सांगतो. तू सगळा वेळ इथे घालवलास." पहिल्या साठ फुटांत एक दशांश वाचवला तर शेवटी दीड-दोन दशांश वाचतात, हा रेसवाल्यांचा ठोकताळा त्यांनी सांगितला. कारण जिथे तुम्ही सगळ्यात हळू असता, तिथेच सगळ्यात जास्त वेळ जातो. त्या रात्री आबांना फोन केला. त्यांचा पहिला प्रश्न वेगाचा नव्हताच: "जागेवरनं सुटती का?" गावाकडे बैलगाडीची शर्यत बघणारा माणूस आधी तेच बघतो.

म्हणून पुढचे दोन महिने इंजिनाला पाना लावला नाही. टायर बदलले, ड्रॅग रेडियल, म्हणजे जास्त पकडीचे, घेतले आणि हवा ३२वरून १८वर आणली, म्हणजे टायर रस्त्यावर पसरून बसतो. नोव्हाला मागे स्प्रिंगचे पाटे असतात; जोर लागला की अॅक्सल स्वतः फिरू बघतो, पाटा इंग्रजी एससारखा पिळतो आणि चाक टणाटण उड्या मारतं. त्या उड्यांनी मागचा डिफरन्शियलसुद्धा फुटतो. त्याला पाट्याखाली लोखंडी दांडे लावले, ज्यांचं पुढचं रबर पाट्याला टेकून त्याला पिळू देत नाही. मागे ३.०८च्या जागी सुटताना जास्त जोर देणारे ३.७३चे गिअर आणि दोन्ही चाकांना जोर देणारा डिफरन्शियल घातला. पुढचे शॉक अॅब्सॉर्बर मुद्दाम ढिले घेतले, नाक पटकन उचललं जाऊन वजन मागे पडावं म्हणून. आणि ते गुदमरणं? ते कार्ब्युरेटरच्या अॅक्सिलरेटर पंपाच्या नोझलचं दुखणं, काही डॉलरांत मिटलं. बदलताना एकेकच गोष्ट बदला असं आजोबांचं सांगणं होतं. मी अधीरपणाने एकदा दोन बदलल्या, आणि वेळ बिघडली ती कशाने हे शोधण्यात एक अख्खा शनिवार गेला.

साठ फूट २.५८वरून २.३१, मग २.१४.

सप्टेंबरच्या अखेरच्या एका थंड संध्याकाळी टायर ओल्या पट्टीत थोडेसे फिरवले, आता ते चालत होतं. तिसऱ्या पिवळ्याला पाय दाबला. मागचं बूड खाली बसलं, नाक वर गेलं, आणि पहिल्यांदाच गाडी गेली तेव्हा मी मागे राहिलो, म्हणजे माझं डोकं सीटवर आपटलं. चिठ्ठी: ६० फूट २.०२. एकूण १३.९४. शेवटचा वेग ९८.९, म्हणजे पहिल्या दिवसापेक्षा जेमतेम एक मैल जास्त.

मी चिठ्ठीचा फोटो काढत होतो तोच स्ट्रिपवरचा एक माणूस खिडकीशी आला. अभिनंदन केलं आणि विचारलं, "हेल्मेट कुठे आहे?" १३.९९ किंवा त्याहून कमी वेळ आली की हेल्मेट सक्तीचं, हे नियमात मी वाचलं होतं. पण तिथवर पोहोचेन असं कुठे वाटलं होतं! आजोबांनी आपल्या ट्रकमधून स्वतःचं जुनं हेल्मेट आणून दिलं. डोक्यात बसलं, पण आतलं स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेचं स्टिकर इतकं जुनं की त्या माणसाने नुसती मान हलवली.

मग यूएस-२३ हायवेवरून घरी आलो, सगळ्यात उजव्या लेनमधून. आबांना फोटो पाठवला. सकाळी त्यांचं उत्तर आलेलं होतं: "२.०२ चांगलं. पण अजून सरकती जरा, व्हिडिओत बघ."