म्हातारबाचं वायफाय: नऊ रात्री, एक चिकटपट्टी आणि चोर

सापडला. पण कुठे, ते लगेच सांगणार नाही. मी नऊ रात्री घालवल्यात, तुम्ही निदान दहा मिनिटं घालवा.

मागच्या भागात म्हातारबाला डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) १२ वरून १३ वर नेल्याचं लिहिलं होतं. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी: २०१३ चा लॅपटॉप, ८ जीबी रॅम, डावी बिजागरी मी स्वतः अराल्डाइटने बसवलेली. अपग्रेड इतकं सुरळीत झालं होतं की मलाच संशय यायला हवा होता. कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभा, ६.१ वरून ६.१२ वर गेला, झोपवून उठवणं पहिल्या फटक्यात चाललं, आणि ‘एपीटी मॉडर्नाइझ-सोर्सेस’ या एका आज्ञेने माझ्या दहा वर्षांच्या सोर्सेस फाइलीतला (सॉफ्टवेअर कुठून आणायचं त्याची यादी) सगळा कचरा नव्या पद्धतीत नीट लावून दिला. ते बघून जो आनंद झाला तो घरात कुणाला समजावता आला नाही. टेंप फोल्डर आता रॅममध्ये राहतो, ते मात्र ८ जीबीवाल्यांनी लक्षात ठेवा. मोठी फाइल तिथे उघडायला गेलात तर म्हातारबाला धाप लागते.

आणि मग दुसऱ्या संध्याकाळपासून वायफाय तुटायला लागलं.

तुटायचं म्हणजे कसं? तासभर झकास. मग अचानक पंधरा-वीस सेकंद गायब, परत येणार, परत जाणार, असं चार-पाच मिनिटं. मग पुन्हा जणू काही घडलंच नाही. आमच्या शनिवार पेठेतल्या वाड्याच्या भिंती दोन फुटी. राउटर बाहेरच्या खोलीत, मी माजघरात. ५ गिगाहर्ट्‌झ त्या भिंतीतून माझ्यापर्यंत पोचेस्तोवर जीव सोडतं, म्हणून इथे २.४ च्या बॅंडवरच भागवावं लागतं. पण अपग्रेडच्या आधी याच जागी, याच बॅंडवर दोन वर्षं तक्रार नव्हती. आणि म्हातारबा तडफडत असताना शेजारीच आईच्या फोनवर कीर्तन एकदाही न अडखळता चालू. म्हणजे राउटर निर्दोष, लॅपटॉप दोषी. लॅपटॉपमध्ये नवीन काय, तर अपग्रेड. इतकं सरळ गणित मी मांडलं, आणि तिथेच फसलो.

लॉगमध्ये, म्हणजे यंत्राच्या रोजनिशीत, दर वेळी तीच ओळ: डिस्कनेक्टेड, रीझन ४, लोकली जनरेटेड १. ज्यांनी हे कधी वाचलं नसेल त्यांच्यासाठी, यातला शेवटचा एक महत्त्वाचा. राउटरने आपल्याला हाकललेलं नाही, आपणच फोन ठेवलाय. राउटर सेकंदाला साधारण दहा बीकन पाठवतो, ‘मी आहे, मी आहे’ म्हणून. ते ओळीने ऐकू आले नाहीत, विचारूनही उत्तर आलं नाही, की कार्ड समजतं की समोरचा गेला. तर प्रश्न असा होता, की म्हातारबाला अचानक ऐकू का येईनासं होतं?

पहिला संशयित अर्थातच पॉवर सेव्ह, म्हणजे वीज वाचवायला कार्डाने मध्येच डुलकी घेणं. जोडण्या सांभाळणाऱ्या नेटवर्कमॅनेजरच्या फाइलीत वायफाय पॉवरसेव्ह बरोबर २ लिहायचं. (२ म्हणजे बंद आणि ३ म्हणजे चालू. हे ज्याने ठरवलं त्याला एकदा चहा पाजून विचारायचंय.) ते केलं, लॅपटॉप उचलून ओसरीवर जाऊन बसलो आणि तीन तास एकदाही तुटलं नाही. विजय! मित्राला मेसेजही टाकला. रात्री माजघरात परत आलो आणि ११ वाजून ६ मिनिटांनी गेलं.

मग जुना कर्नल. ग्रबमध्ये, म्हणजे चालू होतानाच्या यादीत, ६.१ अजून होताच, त्यातून बूट केलं. तरी तुटलं. खरं म्हणजे इथे मी थांबून विचार करायला हवा होता. पण मी काय अर्थ काढला? कर्नल नाही म्हणजे फर्मवेअर, कार्डाच्या आतला प्रोग्रॅम! तेही अपग्रेडमध्ये बदललंच होतं. जुन्या बॅकअपमधून जुनी फर्मवेअर फाइल आणून ठेवली. तुटलं. राउटरचा चॅनल १ केला, ६ केला, ११ केला. तिन्हींवर तुटलं. शेवटी पाठ उघडून कार्डावरच्या अँटेनाच्या दोन टिकल्या काढून परत बसवल्या. ती टिकली बसताना ‘टिक’ असा जो बारीक आवाज येतो तो ऐकू आला नाही तर ती बसलेलीच नसते, एवढं सांगून ठेवतो. यात एक स्क्रू हरवला. तो अजून सापडलेला नाही.

पाचव्या रात्री लक्षात आलं की तुटण्याला ताल आहे. दर तासाला एकदा. तास म्हटल्यावर डोक्यात घंटा वाजली, कारण बऱ्याच राउटरांत ग्रुप की दर ३६०० सेकंदांनी बदलते. सगळ्यांसाठीची सामायिक किल्ली नवी वाटतात आणि एखादं यंत्र ती घ्यायला चुकलं की गडबड. एवढं सुंदर उत्तर मिळाल्यावर मी त्याच रात्री राउटरची सेटिंगं पालथी घातली. सकाळी शांत डोक्याने वेळा जुळवून बघितल्या. किल्ली बदलायची दर तासाच्या ४१ व्या मिनिटाला, आणि लॉग म्हणतोय ‘ग्रुप रीकीइंग कम्प्लीटेड’, म्हणजे बिनबोभाट. तुटायचं मात्र तास सुरू झाल्यावर पहिल्या दहा मिनिटांत कधीतरी. कधी ३ मिनिटांनी, कधी ९, कधी ६. घड्याळ पाळतोय पण वक्तशीर नाही, असा हा कोण?

रागाने सप्लिकंटच, म्हणजे वायफायला जोडून देणारा प्रोग्रॅम, काढून टाकला आणि त्याच कामाचं आयडब्ल्यूडी बसवलं. अपेक्षेप्रमाणे तुटलंच. पण काय सांगू, झोपेतून उठल्यावर जोडणी इतकी चटकन होते की सप्लिकंटकडे परत जायची इच्छाच राहिली नाही. या सगळ्या प्रकारातली ही शुद्ध कमाई.

मग जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते आठव्या दिवशी केलं. दहा ओळींची स्क्रिप्ट, दर सेकंदाला तीन आकडे फाइलीत: वेळ, सिग्नल, नॉइज (आजूबाजूचा गोंगाट). तोवर मी नुसता सिग्नल बघत होतो, तो कायम उणे ६२ च्या आसपास (शून्याच्या जितका जवळ तितका जोरात), आणि त्यावरून म्हणत होतो की सगळं ठीक आहे. नॉइज ‘आयडब्ल्यू’ या आज्ञेच्या सर्व्हे डंपमध्ये मिळतो. सगळे ड्रायव्हर तो सांगत नाहीत, म्हातारबाचा सांगतो. सकाळी उठून आलेख काढला. सिग्नलची रेघ रात्रभर आडवी. नॉइजची रेघ उणे ९४ वर, आणि दर तासाला एक बुरुज. सरळ वर उणे ७३ पर्यंत, चार-पाच मिनिटं तिथे, मग सरळ खाली. म्हणजे ३२ डेसिबलचं अंतर ११ वर येत होतं. राउटर नेहमीच्याच आवाजात बोलत होता. खोलीत दुसरंच कुणीतरी ओरडत होतं.

पहिला विचार शेजारच्यांचा मायक्रोवेव्ह. तोही २.४५ गिगाहर्ट्‌झवरच चालतो. पण पहाटे ३ वाजता, ४ वाजता, ५ वाजता, दर तासाला आमटी गरम करणारं कुटुंब आमच्या वाड्यात नाही.

तास. पहिली दहा मिनिटं. चार-पाच मिनिटांचं काम. मी टर्मिनलमध्ये ‘सिस्टमसीटीएल लिस्ट-टायमर्स’ (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी) टाइप केलं आणि वरून दुसऱ्या ओळीत मला माझंच हस्ताक्षर दिसलं.

बॅकअप.

अपग्रेडच्या आदल्या रात्री, काही बिघडलं तर हाताशी असावा म्हणून, मी जुन्या लॅपटॉपमधली एसएसडी एका स्वस्त केसिंगमध्ये घालून डावीकडच्या निळ्या पोर्टला लावली होती आणि दर तासाला बॅकअप घेणारा टायमर लिहिला होता. वर शहाणपणा म्हणून दहा मिनिटांपर्यंतचा रॅंडमाइझ्ड डिले, म्हणजे दर वेळी वेगळा उशीर. डिस्क लावलेली नसेल तर गुपचूप निघून जा, अशी अटही मीच घातलेली. म्हणून ओसरीवर तीन तास सुखाचे गेले. तिथे डिस्क नव्हतीच, शिवाय ५ गिगाहर्ट्‌झ मिळत होतं. एसएसडी असल्याने आवाज नाही. केसिंगचा निळा दिवा बॅकअपच्या वेळी लुकलुकतो, पण तो रात्री डोळ्यांत जातो म्हणून त्यावर काळी चिकटपट्टी लावलेली. तीही मीच. चोर घरातला, त्याच्या तोंडावर फडकं बांधणाराही घरातलाच.

जुन्या जाणत्यांना एव्हाना कळलं असेल. निळं पोर्ट म्हणजे यूएसबी ३. ते सेकंदाला ५ गिगाबिटने धावतं आणि त्या धावण्याचा गोंगाट २.४ ते २.५ गिगाहर्ट्‌झच्या सबंध पट्ट्यात पसरतो. एका चॅनलवर नाही, सगळ्यांवर, म्हणून १-६-११ खेळून उपयोग झाला नाही. इंटेलने २०१२ मध्येच यावर टिपण काढलं होतं आणि त्यातलं मुख्य उदाहरण वायरलेस माउसचं आहे. माउस! या नऊ दिवसांत माझा माउस मधूनमधून अडखळत होता आणि मी त्याचा सेल दोनदा बदलला. दुसऱ्यांदा तर भिंतीवरच्या घड्याळातला काढून. पुरावा हातात धरून मी पुरावा शोधत होतो. भरीला म्हातारबाच्या अँटेना स्क्रीनच्या कडेत आहेत, त्यांच्या वायरी डाव्या बिजागरीतून वर जातात आणि निळं पोर्ट त्या बिजागरीला चिकटून.

खात्री करायला बॅकअप हाताने चालू केला आणि एकेक प्रयोग केला. केसिंगच्या त्या चपट्या, रुंद मायक्रो-बी सॉकेटच्या मोठ्या अर्ध्या भागात जुन्या फोनची साधी मायक्रो यूएसबी केबल बसते, माहीत आहे ना? बसवली की डिस्क यूएसबी २ वर उतरते. नॉइज उणे ९४, रेघ सपाट. परत मूळ केबल लावली, उणे ७३. मूळ केबलच्या दोन्ही टोकांना पोळ्यांच्या डब्यातला फॉइल गुंडाळला, उणे ८१. (आई: “आता हे काय नवीन?” मी: “केबलला थंडी वाजतेय.”) मग चालत तपकीर गल्लीत गेलो. ऑनलाइन प्रत्येक केबल शील्डेड असते, निदान फोटोखाली तसं लिहिलेलं असतं. गल्लीतल्या काकांनी तीन केबली हातात दिल्या आणि म्हणाले, “जड असेल ती घ्या, आखूड घ्या.” एक वीत लांबीची घेतली. उणे ८७. अडीचशे रुपयांत यापेक्षा चांगला सल्ला मिळत नाही.

आता पुढचं. नवीन वायफाय कार्ड मागवायला निघालो होतो, ते रद्द. डिस्क जुन्या फोनच्या केबलवरच ठेवतो. वेग मेला तरी दर तासाला बदललेल्या फाइली असतात किती, दोनशे-तीनशे एमबी. नवी केबल मोठ्या कामांना.

थांबा. हे लिहितानाच सुचतंय. डिस्क मुळात माजघरात हवीच कशाला? बाहेर राउटरशेजारी जुना रास्पबेरी पाय हा चिमुकला संगणक धूळ खात पडलाय. डिस्क त्याला लावायची. पण मग बॅकअप २.४ वरून जाणार, आणि पायचं निळं पोर्ट राउटरच्याच कानात ओरडणार. म्हणजे तिला काळं, यूएसबी २ चं पोर्ट द्यायचं. आणि वायफायवरून कशाला, वाड्याच्या त्या भिंतीत जुन्या लॅंडलाइनच्या वायरचं भोक आहे! वायर कधीच मेलीय. तिच्याच शेपटीला कॅट ६ ही नेटवर्कची केबल बांधून ओढली तर सरळ माझ्या टेबलापाशी निघेल. हे मला दोन वर्षांत का सुचलं नाही?

अर्थात लॅन टेबलापर्यंत आली की म्हातारबाला माजघरात वायफाय लागणारच नाही. त्यावर मी आज बोलणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुढे चालू: २६ तास, एकदाही तुटलं नाही, बुरुज शून्य. डेबियनला नऊ दिवस घातलेल्या शिव्या परत घेतो. आता एकेक बदल मागे घेतोय, एका वेळी एकच आणि मध्ये एक रात्र. फर्मवेअर नवं परत ठेवलं, ठीक. राउटरचा चॅनल ६ राहू दिला. पॉवर सेव्हची फाइल आज रात्री काढेन. आयडब्ल्यूडी ठेवतोय. घड्याळात सेल परत घातला, चिकटपट्टी काढली. दिवा खरंच फार डोळ्यांत जातो.

भोकातली वायर ओढून बघितली. हातभर आली आणि अडकली. लाकडी तुळईपाशी खिळा मारलेला असणार. रविवारी शिडी.