जीनाच म्हण

सांगलीत विजयनगरला, कलेक्टर ऑफिसबाहेर माझं फॉर्म भरून द्यायचं टेबल आहे. दिवसभरात मी सगळ्यात जास्त वेळा टाइप करते तो शब्द म्हणजे 'उर्फ'. बायकांचं सातबाऱ्यावर एक नाव, आधारवर दुसरं.

माझी आई माहेरची अंजिरा. लग्नात वडिलांनी ताटातल्या तांदळात अंगठीने 'शालन' लिहिलं. आजोबांच्या जमिनीची वारसनोंद निघाली तेव्हा 'अंजिरा ती मीच' असं प्रतिज्ञापत्र तिला करावं लागलं. सही करताना म्हणाली, "माझंच नाव मीच पटवून द्यायचं व्हय गं?"

इराणमधल्या सक्केझ गावच्या बावीस वर्षांच्या कुर्द मुलीला जग महसा अमिनी म्हणून ओळखतं. कुर्द म्हणजे इराण, सीरिया, तुर्कस्तान अशा देशांत विखुरलेले, स्वतःची भाषा असलेले लोक. ते कागदावरचं नाव. घरात ती जीना. हिजाब नीट नाही म्हणून तेहरानमध्ये पोलिसांनी तिला पकडलं आणि 16 सप्टेंबर 2022 ला ती गेली. तिच्या मातीला जमलेल्यांनी घोषणा दिली, 'जिन, जियान, आझादी'. बाई, जगणं, स्वातंत्र्य. आझादी तर आपलाच शब्द वाटतो.

आईच्या लग्नात सनई होती, जीनाच्या लोकांवर बंदूक. दोन्ही एकच, असं मी म्हणत नाही. पण कागद माणसाचं काय करतो, हे मी रोज बघते. सीरियात 1962 साली हसाका प्रांतात एका दिवसात जनगणना उरकली आणि सुमारे 1 लाख 20 हजार कुर्दांचं नागरिकत्व गेलं. पुढे त्यांची पोरंही बिनकागदाचीच जन्मली. माझ्यासमोर एक दाखला नसलेलं माणूस बसलं तरी त्याचा चेहरा बघवत नाही. तुर्कस्तानात तर क्यू, डब्ल्यू, एक्स ही तीन अक्षरं तुर्की लिपीत नाहीत म्हणून कितीतरी वर्षं कुर्द पोरांच्या नावांत चालत नव्हती. त्यांचा नव्या वर्षाचा नवरोज सण डब्ल्यूने लिहितात, तोसुद्धा खटकायचा. अक्षराची कसली भीती?

जीनाच्या कबरीच्या दगडावर कुर्दीत लिहिलंय: जीना, तू मरणार नाहीस, तुझं नाव खूण होईल.

परवा सोळा तारखेला संध्याकाळी मी आईला त्या मुलीचा फोटो दाखवला, सगळं सांगितलं. मी महसा, महसा म्हणत होते. आईने शेंगा फोडायच्या थांबवल्या.

"घरात काय म्हणायचे तिला?"

"जीना."

"मग जीनाच म्हण की."