मोंत्रयच्या पीचच्या भिंती

आज मोंत्रय. पॅरिसच्या पूर्वेला, मेट्रो 9 चं शेवटचं स्टेशन. 1937 मध्ये मेट्रो इथवर आली. लाखाच्या वर वस्तीचं, डाव्यांचा बालेकिल्ला असलेलं शहर. चित्रपटाच्या इतिहासातही त्याचं नाव आहे, कारण 1897 मध्ये सुरुवातीच्या काळातल्या फ्रेंच चित्रपटकार मेलिएसने आपला काचेचा स्टुडिओ इथेच बांधला. पण खरं बघायचं ते पीचच्या भिंती, म्हणजे ज्यांच्या आधाराने पीचची झाडं वाढवायचे त्या भिंती!

दगड-मातीची, पुरुषभर उंचीहून जास्त भिंत आणि वर जिप्समचा जाड गिलावा. जिप्सम म्हणजे ज्यापासून प्लास्टर ऑफ पॅरिस बनतं ते खनिज, इथल्याच जमिनीतलं. भिंती बहुतेक उत्तर-दक्षिण, म्हणजे दोन्ही अंगांना ऊन मिळतं. दिवसभर शोषलेली उष्णता गिलावा रात्री सोडतो, त्यामुळे थंड हवेतही पीच पिकतात. फांदी पंख्यासारखी पसरून कापडाच्या चिंधीत धरायची आणि चिंधी खिळ्याने गिलाव्यात ठोकायची. गिलावा मऊ म्हणून खिळा सहज बसतो, आणि चिंधीमुळे साल सोलत नाही. किती साधी, किती हुशार युक्ती!

दक्षिणेची फळं रेल्वेने पॅरिसला येऊ लागली आणि हा धंदा बसला. 2003 मध्ये सुमारे साडेआठ हेक्टरला संरक्षण मिळालं. तरी भिंती ढासळताहेत. माथ्यावरचं छप्पर फुटलं की पाणी आत मुरतं, थंडीत गोठतं, गिलावा सुटतो. त्यावर सिमेंट थापणं सर्वांत वाईट, ओल आतच कोंडते. दुरुस्ती जिप्समनेच व्हायला हवी.

जाणार असाल तर रविवारी दुपारी जा, एरवी बऱ्याच बागांना कुलूप असतं.