बारा प्रश्नांसाठी एकोणीस पानं

परवा माझ्या सर्व्हेत भाग घेतलेल्या कुणाचा तरी एक मेल आला. दीड ओळीचा. 'कोड नंबर सतरा, माझी उत्तरं काढून टाका.' कारण नाही, काही नाही, आणि मीही विचारायचं नाही असा नियम. काढली गुपचूप. बासष्टची एकसष्ट झाली.

इथं लीड्समध्ये सायकॉलॉजीची एक वर्षाची कन्व्हर्जन एमएस्सी करतेय, म्हणजे आपलं बीए करून आलेय तरी परत श्रीगणेशा, कारण बीपीएसचं (ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटी) जीबीसी, म्हणजे पदवीला त्यांची मान्यता, नसेल तर क्लिनिकलच्या ट्रेनिंगला कुणी उभं करत नाही. तर डिझर्टेशनसाठी एकटेपणावर बारा प्रश्न काढले आणि त्या बारा प्रश्नांसाठी एथिक्सचा फॉर्म भरला एकोणीस पानांचा! कुणाला त्रास झाला तर काय करणार, डेटा कुठं ठेवणार, कधी पुसणार. दोनदा परत आला. एकदा तर 'कधीही माघार घेता येईल' लिहिलं म्हणून, कधीही म्हणजे कुठल्या तारखेपर्यंत ते लिहा म्हणे. शेवटी वैतागून सुपरव्हायझरला म्हटलं, मी काय मिलग्रॅमसारखे शॉक देणारे का लोकांना? तर ती (नावानं हाक मारायची म्हणे, माझ्या तोंडून मॅडमच निघतं) शांतपणे म्हणाली, मिलग्रॅमच्या प्रयोगातही समोरच्या माणसाला खरे शॉक बसत नव्हते.

खरंच की. १९६१ ला येल विद्यापीठात त्याला बघायचं होतं, हुकूम मिळाला की माणूस दुसऱ्याला किती शॉक देतो, पण ते शॉक, ते ओरडणं सगळं नाटकच होतं, फक्त बटण दाबणाऱ्यांना ते माहीत नव्हतं आणि ते बिचारे घामाघूम झालेले. बीएला हे चार मार्कांसाठी पाठ केलं होतं मी.

आमचा टीवायचा प्रोजेक्ट म्हणजे रंकाळ्यावर भेळ खात भरून घेतलेले फॉर्म, आणि कमी पडले ते मैत्रिणीच्या आईनं एकटीनं पाच भरले, वेगवेगळ्या पेनांनी. संमती बिंमती कसलं काय. पण लोक बोलायचे हो! इथं माणूस 'फाइन'च्या पुढं सरकत नाही, आणि आमच्या ओळखीच्या एका काकूंनी चहाला उकळी येईपर्यंत सासूपासून नवऱ्याच्या दारूपर्यंत सगळं सांगून टाकलं. हे कुठल्या फॉर्ममधून मिळणार सांगा.

निघताना काकू म्हणाल्या, "कुणाला सांगू नकोस हं बाळ." मी मान हलवली. आणि व्हायव्हात सांगितलं. नाव नाही घेतलं, पण पेठ सांगितली, नवऱ्याचं दुकान कसलं ते सांगितलं, आणि बाहेरून आलेले सर नेमके त्याच पेठेतले. ते हसले. मार्क चांगले पडले. वीस वर्षांची होते, कुणी शिकवलं होतं का आम्हाला हे?

आई विचारते अजून किती शिकणार. यापुढं आधी कामाचा अनुभव, मग तीन वर्षांची डॉक्टरेट, मग एचसीपीसी या इथल्या सरकारमान्य संस्थेची नोंदणी, तेव्हा कुठं क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घेता येतं. नुसतं 'सायकॉलॉजिस्ट' मात्र इथं कुणीही लावू शकतो, कायद्यानं ते मोकळंच आहे! हे कळल्यावर मला उगाचच बरं वाटलं. आपल्याकडंही क्लिनिकलला आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी लागते आणि समुपदेशक गल्लोगल्ली, म्हणजे घोळ दोन्हीकडं सारखाच.

काल आईचा फोन होता. म्हणाली काकू भेटल्या होत्या महाद्वार रोडला, विचारत होत्या, पोरीला तिकडं अजून काय माहिती लागली तर सांग म्हणावं.

म्हणजे त्यांना अजून कळलेलं नाही. का कळलंय?