पंधरातले तीन

शनिवार, रात्री

जुन्या जीपच्या हेडवर, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणावर, पुन्हा तोच हिरवट-पांढरा थर. हेड धरून ठेवणाऱ्या आटेदार सळ्या म्हणजे स्टड; मधल्या रांगेतल्या तीन स्टडभोवतीच थर, बाकीचे नट ठणठणीत कोरडे. नखाने खरवडलं की मिठासारखा भुगा निघतो. रेडिएटरची पातळी मात्र जेमतेम उतरलेली असते. धार नाही, थेंब नाही, नुसता पाझर.

मामा या जीपमध्ये आयुष्यभर मुरबाडच्या विहिरीचं पाणी ओतत आला. तेव्हाही पाझरत असणारच, पण गरम हेडवर पाणी उडून जायचं, मागे डोळ्यात भरेल असं काही उरायचं नाही. मी ठाण्यात आणल्यावर कूलंट घालायला लागले आणि चोर पकडला गेला. कूलंटमधलं ग्लायकॉल पाण्यापेक्षा सहज पसरतं, बारीक फटीत चढतं आणि सुकताना रंगाची खूण ठेवून जातं.

सोसायटीत एव्हाना निदान झालेलं आहे. तळमजल्यावरचे काका म्हणाले, "गॅस्केट गेलं," म्हणजे हेडखालचा पाणी अडवणारा पातळ थर. पार्किंगमधला ड्रायव्हर म्हणाला, "ताई, नट आवळून टाका." पेट्रोल पंपावर एकाने हळद सुचवली. हळदीने रेडिएटरची गळती काही दिवस थांबते, खोटं नाही. पण तीच हळद रेडिएटरच्या नळ्यांत जाऊन बसली तर ती कुणी काढायची?

रविवार

सकाळभर बॉनेट उघडून बसले. गाडी लो बॉनेट विलीज. हाय बॉनेट 1953 मध्ये आली, कारण नव्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये गेले, इंजिन उंच झालं आणि त्याच्यासाठी बॉनेट वर सरकवावं लागलं. आमचं त्याच्या आधीचं, 2199 सीसीचं फ्लॅटहेड. व्हॉल्व्ह सगळे ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या धडात, हेड म्हणजे एक जाड बिडाचं झाकण, पंधरा स्टडनी धरलेलं. मेख अशी की स्टडची भोकं ब्लॉकमध्ये आंधळी संपत नाहीत, आरपार वॉटर जॅकेटमध्ये, म्हणजे ब्लॉकमधल्या पाण्याच्या पोकळीत उघडतात. स्टडचं खालचं टोक कायम पाण्यात भिजतं आणि वरचं टोक नटमधून बाहेर डोकावतं. मधे अडवायला फक्त आटे.

आटे पाणी अडवत नाहीत, आणि नट आवळण्याचा सल्ला मला पटत नाही तो यासाठीच. नट आवळला की स्टड वर ताणला जातो आणि त्याच्या आट्यांची एकच बाजू ब्लॉकच्या आट्यांवर दाबून बसते. दुसऱ्या बाजूला गोल गोल वर चढणारी बारीक वाट तशीच मोकळी राहते. कितीही आवळा, ती बुजत नाही. उलट सत्तर-पंचाहत्तर वर्षांचं बीड, आटेच उपटून हातात यायचे.

तरी गॅस्केटचा संशय आधी फेडून घेतला. थंड इंजिन, रेडिएटरची कॅप काढून स्टार्ट. पाण्यात बुडबुडे नाहीत. तेलाच्या दांडीवर दुधाळपणा नाही. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन जवळपास सारखं. मग तिन्ही नट ब्रशने आणि पेट्रोलने घासून कोरडे केले, खडूची पूड भुरभुरवली आणि इंजिन गरम होऊ दिलं. पूड हिरवी झाली ती नट आणि स्टड यांच्या मधल्या गोल रेघेत, आधी एका ठिकाणी टाचणीच्या डोक्याएवढी, मग हळूहळू कडं पूर्ण. हेड आणि ब्लॉकच्या सांध्यावरची पूड शेवटपर्यंत पांढरी. म्हणजे पाणी आट्यांतूनच वर येतंय.

जाता जाता रेडिएटरच्या कॅपकडे लक्ष गेलं. 0.9 (बार, म्हणजे दाब) लिहिलेली, आजच्या गाड्यांची. मूळ रचना बऱ्याच कमी दाबाची. कुणीतरी बसली म्हणून बसवलेली. दाब वाढला की पाझरही वाढणारच.

गुरुवार

आज सुट्टी टाकून वागळे इस्टेटला मिस्त्रीकाकांच्या गॅरेजात. मिस्त्रीकाकांचं म्हणणं, हेड काढूच, पंधराच्या पंधरा स्टड नवे घालू. माझं म्हणणं, गॅस्केट शाबूत असताना ते कशाला उचकटायचं? एकेक नट काढू, तो स्टड सील करून परत आवळू, मग पुढचा. बराच वेळ चहावर वाद. शेवटी ते म्हणाले, "ताई, स्टड तुटला तर मात्र हेड काढणारच." कबूल.

कूलंट काढायला ब्लॉकच्या बाजूचा कॉक उघडला तर काही येईना. गाळ. तार घालून खुपसल्यावर आधी तपकिरी चिखल आला, मग पाणी. हे केलं नसतं तर रेडिएटर रिकामा आणि जॅकेट भरलेलं राहिलं असतं, स्टड काढताच सगळं वर.

आट्यांना गंज सोडवणारा स्प्रे मी कालच पाजून ठेवला होता. काकांनी स्टडवर दोन नट एकमेकांवर घट्ट केले आणि खालच्या नटला पाना लावला. थोडा उलटा, थोडा सुलटा, पुन्हा उलटा. ते बोलत नव्हते, मीही नाही. पहिला कुरकुरत निघाला. खालचे जाड आटे काळे पडलेले, आणि पाण्यात राहणारं टोक खड्डे पडून निमुळतं, कुरतडल्यासारखं. साडेतीन सुताचा स्टड, टोकाला तीन सूतही नसेल. दुसरा बरा. तिसरा पहिल्याचाच भाऊ. दोन नवे ईएन 24 या मजबूत पोलादात शेजारच्या टर्नरकडून करून घेतले, खाली जाड आटे, वर बारीक, जुन्याच मापाचे.

आटे साफ करायला टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारायचा नाही यावर आमचं एकमत होतं. टॅप नवं बीड कापतो, भोक सैल होतं. काकांनी भंगारातल्या एका चांगल्या स्टडला ग्राइंडरने तीन उभ्या खाचा पाडल्या, ग्रीस लावलं आणि तोच फिरवत आत नेला. गंज खाचांत अडकून वर आला, जॅकेटमध्ये फारसा पडला नाही. असा चेझर दुकानात मागितला तर दुकानदार माझ्याकडे बघत राहील. मग थिनर लावलेला कपडा आणि कंप्रेसरची हवा, भोक कोरडं होईपर्यंत.

सीलंटवरून पुन्हा जुंपली. काकांचे वस्ताद सफेदा लावायचे, नळाच्या जोडाला लावतात तोच. चालतोही, पण जुन्या सफेद्यात शिसं, आणि काका ते उघड्या हाताने लावतात. टेफ्लॉन टेपला दोघांचाही नकार, तिच्या चिंध्या पाण्यात जातात. आट्यांत घट्ट जमणारा लाल लॉकटाइट गोंद मला नको होता, पुढे कुणाला स्टड काढायचा झाला तर ब्लॉक तापवावा लागेल. पीटीएफईची (टेफ्लॉनचीच, पण टेप नव्हे) न वाळणारी पेस्ट ठरली. फक्त खालच्या आट्यांना, खाचा भरतील इतकी. स्टड हाताने बसेल तेवढाच, जोर लावून नाही. वरच्या आट्यांना तेलाचा थेंब, नट 60 ते 65 फूट-पौंड, तेही तीन टप्प्यांत. काकांनी टॉर्क पाना (ठरलेला जोर लागला की क्लिक करणारा) हातात घेतला, क्लिक ऐकलं आणि म्हणाले, "माझा हात एवढाच सांगत होता."

रविवार

घोडबंदरने गायमुखचा चढ दोनदा, दुसऱ्यांदा मुद्दाम दुसऱ्या गिअरमध्ये. कमी दाबाची कॅप लावली आहे. संध्याकाळी इंजिन पूर्ण गार झाल्यावर मधल्या नटापासून बाहेरच्या बाजूला सगळे पुन्हा टॉर्कला तपासले. नवे दोन किंचित फिरले, बाकीचे जागचे हलले नाहीत. तिन्ही कोरडे.

काकांचा फोन आला होता. उरलेले बाराही काढूच म्हणतात, आतून तेही तसेच कुरतडलेले असणार. असतीलही. पण न पाझरणारा स्टड उगाच हलवला आणि तो तुटला तर बिडात अडकलेला तुकडा ड्रिलने पोखरून काढायचा, ही कटकट मला नको. पुढच्या सुट्टीत आधी जॅकेटमधला गाळ धुऊन घेऊ, एवढं दोघांनी मान्य केलं.