बाटलीला चिकटलेलं लोह

मावशींनी बादली माझ्यापुढे सरकवली. आतून विटकरी थर, बोट फिरवलं की रेघ उमटत होती. दुसऱ्या हातात अहवाल: लोह ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर, पाणी पिण्यास योग्य. खाली सही माझीच. "ताई, खरं कोणाचं मानायचं? कागदाचं की बादलीचं?"

मला उत्तर देता आलं नाही. प्रयोगशाळेत परतल्यावर राखून ठेवलेली बाटली शोधली. पाणी नितळ. उजेडासमोर तिरकी धरली तेव्हा आतल्या बाजूला तांबूस कडं दिसलं, तळाशी बारीक साका. लोह बाटलीतच होतं. आम्ही फक्त वरचं पाणी मोजलं होतं.

जमिनीखाली हवा पोचत नाही तिथे लोह विरघळलेलं असतं आणि पाणी स्वच्छ दिसतं. वर येऊन हवा लागली की त्याचे तांबूस कण बनतात, खाली बसतात, बाटलीला धरतात. म्हणून नमुना घेतला की जागेवरच नायट्रिक आम्ल घालून सामू (pH) २ च्या खाली आणायचा, म्हणजे लोह विरघळलेलंच राहतं. हा नमुना दुसऱ्याने आणला होता. आम्ल घातल्याच्या नोंदीचा रकाना कोरा होता आणि तरी मी सही केली. ते मला आजही बोचतं.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः गेले. नळीत साचलेलं पाणी निघून जाईपर्यंत बोअर चालू ठेवला, मग दोन बाटल्या भरल्या: एकीत आम्ल, दुसरीत नाही. दोन दिवसांनी दोन्हींतलं वरचं पाणी काढून त्यात फिनॅन्थ्रोलिन घातलं; विरघळलेलं लोह असलं की या रसायनाने पाणी नारिंगी होतं. पहिल्याला गर्द नारिंगी रंग चढला, दुसऱ्याला जेमतेम छटा आली. आकडे ४.१ आणि ०.३. पाणी एकाच बोअरचं!

तेवढ्यावर थांबणं मला बरं वाटलं नाही. लोहाने डाग पडतात, चव बिघडते. जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याला आरोग्याच्या कारणाने मर्यादा घातलेली नाही. पण ज्या हवाबंद थरात लोह विरघळतं, तिथून आर्सेनिक आणि मॅंगनीजही पाण्यात उतरू शकतात, आणि आर्सेनिकला तर रंगही नाही, चवही नाही. दोन्ही तपासले. आर्सेनिक ०.०१ च्या मर्यादेत निघालं. मॅंगनीज निघालं ०.६; संघटनेची तात्पुरती मर्यादा आहे ०.०८, आणि ती बाटलीचं दूध पिणाऱ्या बाळांचा विचार करून ठरवलेली.

जुना अहवाल रद्द करून नवा घेऊन मीच गेले. "घरात तान्हं बाळ आहे का?"

"नातू आहे की, चार महिन्यांचा. भुकटीचं दूध देतो. पण पाणी चांगलं खळखळून उकळतो हो."

"उकळून मॅंगनीज जात नाही, मावशी. आजपासून त्याच्या दुधाला हे पाणी नको."

त्या तशाच आत गेल्या आणि चुलीवरचं पातेलं उतरवलं.